दोन वाजताचं ताट

रात्री दोनला मी सोयाबीन उकळायला ठेवते
आणि गेंदिस पिशवीतून डोकं बाहेर काढते.
सानानच्या गल्लीत सगळेच तेम्पे करतात,
सगळ्यांच्याच चुली या वेळी पेटलेल्या,
पण दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात
पडद्याच्या दांडीवरून पिठाच्या डब्यावर
रुमालासारखं पसरून कुणी उतरत नसे.

रेत्नोने आणली ही, पक्ष्यांच्या बाजारातून,
मुठीत मावेल एवढी.
विकणारा म्हणाला, बाळाची पेज घाला, केळं घाला,
शुगर ग्लायडर आहे, नावातच साखर!
मग आम्हीही तेच नाव ठेवलं.
गेंदिस, म्हणजे आमच्या अदबीच्या जावानीज बोलीत साखर.
आणि साखरच घातली तिला.
कंडेन्स्ड दुधाचं बोट,
काळं पडेस्तोवर पिकलेलं केळं,
ईदच्या बिस्किटाचा कोपरा.
बोट दोन्ही हातांनी धरून ती चाटायची
आणि आम्ही एकमेकींकडे बघायचो.
साखरेचं खाणार त्याला देव देणार, म्हणतात.

रेत्नो हाँगकाँगला गेली, दोन वर्षांच्या करारावर.
तिसऱ्या महिन्यात गेंदिसने उडी मारली
आणि मागचे पाय मागेच राहिले.
ओल्या वातीसारखे.

डॉक्टर प्रिहातिनबाईंनी फोटो उजेडासमोर धरला.
एवढुशी हाडं, धुक्यात काढल्यासारखी.
"लाड झाले, आजी. जेवण राहून गेलं."
मला राग आला. मग कागद मागितला.

आता तो कागद तेम्प्याच्या यीस्टशेजारी चिकटवलाय.
पपई, बारीक.
शेवग्याचा पाला, देठ काढून.
उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा.
रातकिडे, कॅल्शियमच्या पुडीत घोळवलेले,
पिठीसाखरेतल्या करंज्यांसारखे दिसतात ते,
दिसू देत.
बाभळीचा डिंक फांदीला लावून, म्हणजे तिला कुरतडावा लागेल.
दूध नाही. बिस्किट नाही. कांदा-लसूण तर नाहीच.
यीस्टच्या तराजूवर मी सगळं तोलते,
चाळीस वर्षांत त्या तराजूवर
पहिल्यांदाच जेवण चढलंय.

पण ती काय कागद वाचते?
पपई खाल्ली, पाला बशीबाहेर.
पपईत पाला लपवला, तर
पाला तेवढा शोधून बशीबाहेर.
रातकिड्याचा रस चोखून चोथा थुंकला
थेट माझ्या सोयाबीनमध्ये.
शेवटी पाट्यावर सगळं एकजीव वाटलं,
हिरवट, बेचव, घरच्यासारखं.
रुसली. दोन रात्री माझ्यावर भुंकली,
हो, भुंकते, एवढ्याशा छातीतून, कुत्र्यासारखी.
तिसऱ्या रात्री बशी चाटून ठेवली
आणि मी चुलीसमोर बसून उगाच रडले.

फोन वाजतो तेव्हा तिथे तीन वाजलेले असतात.
रेत्नोच्या मालकीणबाईंची सासू रात्रीची उठते,
भात मागते, आणि भात दिला की थुंकते.
"गाळून द्यावं लागतं, आई. चमच्याचं मापसुद्धा लिहून ठेवलंय.
मीठ नाही, साखर नाही."
मी म्हणते, थोडी पपई घाल वाटताना, कळत नाही त्यांना.
ती हसते. मग मी विचारते,
आणि तू? तू काय खाल्लंस?
ती कॅमेरा बशीकडे वळवते.
बशी म्हातारीची असते.

पाच महिने झाले.
गेंदिस आता दांडीवर चढते.
डावा पाय अजून थोडा मागून येतो,
बोलावल्यावर उठणाऱ्या पोरासारखा.
उडत नाही. काठावर येऊन खाली बघते,
खूप वेळ बघते,
आणि पडद्यावरून उतरून येते जेवायला.

मी सोयाबीनची सालं पाण्यावरून उपसते.
तीही चोथा थुंकते, अजूनही, निवडून, नेमका तिथेच.
काल फोनवर पुन्हा म्हणाले, बशी दाखव.
तुझी.